पाखाडीचा नारळ

नारळी पौर्णिमेला हर्षद आणि मृणाली येणार म्हटल्यावर काशीरामने माजघराशेजारची खोली स्वतः झाडली. विमला गेल्यापासून ती बंदच होती. गाद्यांना ऊन दाखवायचं तर ऊन नव्हतं, म्हणून त्याने त्या चुलीशेजारी उभ्या करून सुकवल्या. त्यांना धुराचा वास लागला. विमला असती तर ओरडली असती. पण मुलगा येत होता. माघात आईचं तेरावं आटोपून गेला तो आता येत होता, न बोलावता, रजा काढून. काशीरामने हे खालच्या वाडीच्या गंगुबाईला सांगितलं, दुकानात सांगितलं, एसटीच्या कंडक्टरलासुद्धा सांगितलं.

सणाच्या दिवशी सकाळी तो पडवीत आला तेव्हा भाचा रितेश घरापुढच्या खळ्यात उभा होता. मोबाईल समोर धरून, एक डोळा मिटून बघत होता. आदल्या संध्याकाळी तो आईला, म्हणजे काशीरामच्या बहिणीला, मथुराला घेऊन आला होता.

"मामा, जरा बेड्यापाशी उभे राहता? तिथे नाही, थोडे डावीकडे. मागे पाखाडी दिसायला हवी."

"कशाला?"

"असंच. आठवण राहते."

काशीराम उभा राहिला. मुलंबाळं घरात आहेत, फोटो काढतात, बरं वाटतं.

नागवेकरांचं घर करंजवेळच्या कड्यावर. खळ्याच्या टोकाला आडव्या बांबूंचं बेडं म्हणजे फाटक, आणि बेड्यातून बाहेर पडलं की चिऱ्याच्या पायऱ्यांची पाखाडी सरळ खाली पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूवर, उतरते. गावाला समुद्राकडे जायला हीच वाट. दुसरी आहे ती खाडीला वळसा घालून, डोक्यावर पाटी असलेल्या बाईचा अर्धा दिवस खाणारी. किनारा सरकारचा, पण पाखाडी उतरते ती जमीन काशीराम आणि मथुरा या दोघांच्या नावावर. तिथे एका कंपनीला बंगले बांधायचे होते. बंगल्यांसमोरची पुळण त्यांना मोकळी हवी होती, मासे वाळवणाऱ्या बायका नको होत्या. गावाने तहसीलदाराकडे अर्ज टाकला होता की पाखाडी सार्वजनिक वाट म्हणून नोंदवा. त्याची सुनावणी सणाच्या दुसऱ्या दिवशी होती. गेल्या गणपतीत यावरूनच हर्षद भरल्या ताटावरून उठला होता, आणि आजारी विमलाने मध्ये पडून बापलेकांना गप्प केलं होतं.

आता मध्ये पडणारं कोणी नव्हतं.

मृणाली बाहेर आली. हिरवी साडी नेसली होती. हातात विमलाचं पितळी ताट होतं, चिंचेने घासून लख्ख केलेलं.

"ते कशाला काढलंस?" काशीराम म्हणाला. "वर्ष व्हायचंय अजून. यंदा सण नाही आपल्याकडे. बाबल्या गावकराला मी सांगून ठेवलंय, नारळ आणू नको."

मृणालीने नवऱ्याकडे बघितलं. हर्षद पडवीच्या कट्ट्यावर बसून चहा पीत होता. त्याने मान वर केली नाही.

स्वयंपाकघरातून मथुरा म्हणाली, "अरे पण बाबल्या येतोय की. काल वाटेत भेटला. म्हणाला, हर्षदने फोन केलान मुद्दाम, मान चुकवू नका म्हणून. मला एवढं बरं वाटलं, दादा. म्हटलं, मुंबईत राहून पोराला घरचा मान कळतो."

काशीराम बेड्यापासून पडवीपर्यंत आला.

"तू फोन केलास बाबल्याला?"

"केला."

"आणि मला नाही सांगितलंस."

"तुम्ही नको म्हणाला असता."

नारळी पौर्णिमेला गाव वाजतगाजत समुद्राकडे निघालं की आधी नागवेकरांच्या बेड्यापाशी थांबायचं. गावकर, म्हणजे गावचा मानकरी, एक नारळ या घरच्या बाईच्या ताटात ठेवायचा, घरच्या पुरुषाला नमस्कार करायचा, आणि मग मिरवणूक खाली उतरायची. समुद्राचा नारळ वेगळा, हा वेगळा. काशीराम बोटीवरून त्या सुमाराला सुट्टीवर आला असेल तर सकाळपासून इस्त्रीचा सदरा घालून बसायचा. "आज वीतभर उंच झालात," विमला म्हणायची.

"मामा, बसा तरी," रितेश म्हणाला. तो समजावणीच्या सुरात बोलायला लागला. कंपनीसाठी जमिनी मिळवताना हा सूर त्याने खाडीपलीकडच्या किती ओट्यांवर वापरला होता कोण जाणे. "आमचे वकील म्हणतात, गावाच्या अर्जाला उत्तर एकच आहे. वाट वापरली म्हणून हक्क होत नाही. परवानगी काढून वापरली तर तो उपकार झाला, आणि उपकार मालक कधीही बंद करू शकतो. करंजवेळचे लोक दरवर्षी या घराला नारळ देऊन खाली उतरतात. मालकाने ताट पुढे केलं, गावकराने नारळ ठेवला, मग गाव उतरलं. एवढं व्हिडिओत नीट आलं की बास. कोणाला काही बोलायची गरज नाही."

"नारळ परवानगीचा नाही," काशीराम म्हणाला.

"मग कशाचा आहे?"

चिरे गावाने घातले होते आणि जागा या घराची होती, एवढं आबा, काशीरामचे वडील, सांगायचे. नारळ कशाचा हे आबांना कोणी विचारलं नव्हतं. मान होता. मान कशाचा असं कोण विचारतं?

"बाबा, शांतपणे ऐका," हर्षद म्हणाला. "तुम्ही इथे एकटे. तुम्हाला काही झालं तर आम्हाला कळणार कधी? जमीन दिली की आमच्याजवळच तुमच्यासाठी घर घेऊ. पण वाटेचा वाद मिटल्याशिवाय कंपनी घेणार नाही."

"म्हणून आलास."

"तुमच्यासाठीच आलो."

"नारळासाठी आलास. तसं बोल. मी गाद्या सुकवत बसलो होतो." काशीरामचा आवाज चढला नाही. "तुझ्या आईला शेवटच्या थंडीत एकदा समुद्र जवळून बघायचा होता. खालच्या पोरांनी खुर्चीत बसवून तिला उतरवली आणि परत चढवली. तू तेव्हा फोनवर म्हणालास, बाबा, डॉक्टरला विचारलंत का? त्या पोरांनी काही विचारलं नाही. त्यांची वाट मी बंद करू? तिचंच ताट पुढे धरून?"

"प्रत्येक वेळी आईला मध्ये आणू नका."

"मी नाही आणली. ताट तुम्ही काढलंत."

---

मृणाली ताट घेऊन आत गेली आणि ओट्यावर ठेवून तशीच उभी राहिली. गाडीत हर्षदने तिला सगळं सांगितलं होतं. चिपळूणच्या पुढे, पावसात. तेव्हा ते सोपं वाटलं होतं. साडी नेसायची, ताट धरायचं, हसायचं. लग्नानंतरच्या दर श्रावणात सासूबाई तेच करायच्या आणि ती मागे उभी राहून बघायची.

हर्षद मागोमाग आला.

"चेहरा नीट कर. तासाभरात येतील ते."

"मी नाही धरणार ताट."

"आता?"

"बाबांना माहीत असेल असं मला वाटलं होतं. तू म्हणालास, बाबा तयार होतील."

"झाले असते. आत्याने तोंड उघडलं नसतं तर झाले असते." त्याने दार लोटलं. "मृणाली, तुला इथे येऊन राहायचंय का? त्यांना उद्या अंथरूण धरावं लागलं तर कोण करणार? तू?"

"ते वेगळं. त्यांना घेऊन चल म्हण, मी आजच बॅग भरते त्यांची. पण सासूबाईंचं ताट पुढे धरून तुझ्या वकिलाला व्हिडिओ पाठवायचा, हे मला जमणार नाही."

"माझा वकील! घर कोणाच्या नावावर घेणार आहोत? माझ्या एकट्याच्या?"

"मला नको."

"तुला नको, बाबांना नको. सगळे मोठे. मी एकटाच हलकट." तो हे मोठ्याने बोलला आणि मग त्यालाच ते बाहेर ऐकू गेल्याचं कळलं. तो मागच्या दाराने फणसाखाली जाऊन उभा राहिला, पावसात.

मृणाली साडी बदलून बाहेर आली तेव्हा तिच्या अंगावर घरचा पंजाबी ड्रेस होता. काशीरामने बघितलं. मग म्हणाला, "चहा आहे का उरलेला?" तिने नवा टाकला.

---

मथुराला सकाळपासून मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मुलाने आपल्याला सणाला म्हणून माहेरी आणलं आणि हे. ती भावाजवळ पडवीत जाऊन बसली.

"दादा, मला यातलं माहीत नव्हतं."

"तुझ्या मुलाने सांगितलं नसेल."

"माझी सही मागत होता गेल्या महिन्यात. दिली नाही. देणारही नाही. तुझ्या मनाविरुद्ध देणार नाही, आबांची शपथ."

"नारळसुद्धा घ्यायचा नाही आज," काशीराम म्हणाला. "कोणीच. मी बाबल्याला बेड्यापाशीच सांगणार. वाट गावाची आहे, नारळ देऊन उतरायची नाही. आज नाही, पुढेही नाही."

"गावासमोर?"

"गावासमोरच. रितेशला काढू दे व्हिडिओ. हेच काढू दे."

मथुराने मान हलवली. तिला पटलं होतं. पटलं होतं, पण तिला ते ताट आठवलं. आई लवकर गेली, तेव्हा लग्न होईपर्यंत हे ताट तिच्या हातात असायचं. सासरी तिला कोणी उभं केलं नव्हतं. तिथे ती मधली सून, मागच्या पडवीतली. वर्षातून एक दिवस बाबल्याचा बाप तिच्यासमोर वाकायचा आणि आबा मागून म्हणायचे, "ताट सरळ धर, पोरी." आपण कोणीतरी आहोत असं तिला आयुष्यात तेव्हाच वाटलं होतं.

दुपारी ढोल ऐकू आले. पाऊस थांबून आभाळ तसंच काळं राहिलं होतं. मिरवणूक वळणावरून वर आली. पुढे बाबल्या, धोतर, नवा सदरा, डोक्याला उपरणं. ऐंशीकडे झुकलेला माणूस, चढ चढून धापा टाकत होता, पण नारळ दोन्ही हातांत छातीशी धरलेला. मागे होड्यांवाले, पोरं, गंगुबाई आणि खालच्या वाडीच्या बायका. समुद्राचा सोनेरी कागद लावलेला नारळ मागे एका तरण्या पोराच्या हातात.

बेड्यापाशी सगळे थांबले. ढोल थांबले नाहीत.

रितेश कट्ट्यावर चढला होता. हर्षद फणसाखालून आला, भिजलेला, आणि त्याच्या शेजारी उभा राहिला.

बाबल्याने ताट शोधलं. ताट नव्हतं. काशीराम एकटाच बेड्यात उभा होता, सदऱ्याची बटणंसुद्धा नीट न लावता.

"काशीदादा, विमलावहिनी नाय, आमाला ठाव हाय. सूनबाय घेल ना?"

"नारळ नको, बाबल्या. परत ने."

बाबल्याला ढोलात ऐकू आलं नाही असं वाटलं. त्याने हात वर केला, ढोल थांबले.

"काय म्हनतंस?"

"नारळ नको. या घराला नारळ नको यापुढे."

काशीरामने मनात सगळं जुळवलं होतं, मथुराला ठाऊक होतं. वाट तुमची आहे, हे त्याला आधी बोलायचं होतं. पण तो बोटीवर आयुष्य काढलेला माणूस, चार लोकांत बोलायची सवय नाही. शेवटचं वाक्य आधी आलं.

"सुतक म्हनून?" बाबल्या म्हणाला. "मान सुतकात बुडत नाय. तुझी आई गेली त्या वर्षीबी माझ्या बापाने आणलान."

"सुतक नाही. वाट तुमचीच आहे. तुम्ही मला विचारायचं नाही."

"मी इचारत नाय. मान देतो."

"तुम्ही मान देता आणि कोर्टात त्याची परवानगी होते. समज जरा!"

'कोर्ट' तेवढं मागच्यांनी ऐकलं.

"कोर्टात गेलान काय?" कोणीतरी म्हणालं.

"विकलान वाटतं. पोरगा गाडी घेऊन आलाय, दिसत नाय?"

"सोडनार नाय म्हंतोय."

"अरे सोडतोय!" काशीराम ओरडला. "तेच सांगतोय, उतरा, सरळ उतरा!"

तो बेड्याचे आडवे बांबू ओढून काढायला लागला. एक बांबू अडकला. त्याने तो हिसडला आणि तो बाबल्याच्या पायाजवळ आपटला. बाबल्या मागे सरला. ते गावाने बघितलं.

बाबल्या हळू बोलला. "तुझ्या आबासमोर माझ्या बापाने नारळ ठेवलान. मी तुझ्यासमोर ठेवतो. आज तू म्हनतंस, ने परत. मानाचा नारळ परत जात नाय, काशीदादा. दर्यातबी टाकता येत नाय. मग मी काय करू याचं? तुझ्या दारात हात पसरलेला भिकारी हाय काय मी?"

"काशीदादा, घ्या की वो," गंगुबाई मागून म्हणाली. "भरती उतरतेय. म्हाताऱ्याला किती उभा करताव?"

कोणी हललं नाही. बाबल्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि दोन्ही हात गुंतल्यामुळे त्याला ते पुसता येत नव्हतं. मथुराला ते दिसलं. रितेश कट्ट्यावर होता हेही तिला दिसलं असणार. सकाळचं सगळं तिला ठाऊक होतं. पण म्हातारा माणूस आबांच्या दारात रडत होता आणि सगळं गाव बघत होतं.

ती पुढे आली. ताट नव्हतं, म्हणून तिने पदर पसरला.

"ठेवा, बाबल्यादादा. मी या घरची लेक आहे. माझ्या पदरात ठेवा."

"मथुरा!" काशीराम म्हणाला.

बाबल्याने त्याच्याकडे बघितलं नाही. नारळ तिच्या पदरात ठेवला, वाकून नमस्कार केला. बायकांतून कोणीतरी "बरं केलंव, ताय" म्हणालं. ढोल सुरू झाले. उघड्या बेड्यातून माणसं खाली उतरायला लागली, काशीरामला वळसा घालून, दगडाला घालतात तसा.

मृणालीने पडवीतून रितेशला हाक मारली, "भाऊजी, बंद करा तो मोबाईल."

"झालं, वहिनी," रितेश म्हणाला. तो कट्ट्यावरून उतरून आईजवळ आला. त्याचा चेहरा मनापासून खूश होता. लहानपणी पास झाल्यावर असायचा तसा. "आई, तू तर वहिनीपेक्षा बरं केलंस. तुझंही नाव जमिनीवर आहे. मालकाने स्वतः घेतला, असं आलंय."

"पुसून टाक ते."

"गेलं ते. पाठवलं पण."

"रितेश, पुसून टाक म्हणते मी."

"आई, गेलं म्हणजे गेलं." तो हर्षदकडे वळला. "चल, उजेड आहे तोवर रत्नागिरीला वकिलांकडे जाऊन येऊ."

हर्षद एकदा बापाकडे बघायला वळला. बेड्यात कोणी नव्हतं. काशीराम गर्दीच्या मागून पाखाडी उतरत होता, एकटा.

---

तो वर आला तेव्हा अंधारायला लागलं होतं. कपडे गुडघ्यापर्यंत ओले होते. मथुरा पडवीत जिथे बसली होती तिथेच होती, नारळ मांडीवर. मृणालीने दिवा लावला आणि सासऱ्यासमोर कोरडा टॉवेल ठेवून ती आत गेली.

"गेली का ती दोघं?"

"गेली."

काशीरामने पाय पुसले. बराच वेळ पुसले.

"दादा, मी मुद्दाम नाही केलं."

"सकाळी मी तुला सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस. मला कळलंही होतं. पण तो रडत होता रे."

"मला दिसलं."

"मग तू का नाही घेतलास?"

"घेतला असता तर आज तो हसला असता, आणि पुढच्या श्रावणात बेड्याच्या जागी भिंत असती." त्याने टॉवेल बाजूला टाकला. "खाली कोणी माझ्याशी बोललं नाही. होडीपाशी उभा राहिलो तर पोरांनी होडी दुसरीकडे ओढली. गंगुबाई तेवढी बोलली. म्हणाली, विमलावहिनी असती तर असं झालं नसतं."

मथुरा रडायला लागली. त्याने तिला रडू दिलं.

"तुझ्याबद्दल चांगलं बोलतायत," तो म्हणाला. "काशीराम माजला, मथुराताईने घराची लाज राखली. मी बाबल्याला म्हटलं, उद्या सुनावणीला माझ्याबरोबर तहसीलला चल. मी लिहून देतो की हा नारळ परवानगीचा नाही, वाट गावाची आहे. तू पण सांग. तो म्हणाला, तुझ्याबरोबर येत नाय. मथुराताय आली तर येतो. तिने सांगितलं तर आमी सगळे येतो."

"मी काय सांगू?"

"आज पदर का पसरलास ते. परवानगी दिलीस की म्हाताऱ्याचे डोळे बघवले नाहीत. जे खरं असेल ते."

"रितेशसमोर?"

"त्याचा वकील असेल. तोही असेल."

मथुरा नारळाच्या शेंडीवरून बोट फिरवत राहिली. खाली, पुळणीवर, पोरांचा आरडाओरडा अजून चालू होता.

"त्याची नोकरी जाईल, दादा. कंपनी ठेवणार नाही त्याला. आणि तो मला परत घरात..." तिने वाक्य सोडून दिलं. "माझा एकुलता एक आहे तो."

"माझाही एकच आहे," काशीराम म्हणाला.

आतून मृणालीने विचारलं, पानं घेऊ का.

"पहिल्या एसटीने निघतो," तो उठत म्हणाला.

"आणि मी नाही आले तर?"

"तर मी एकटा जाऊन सांगेन. माझं कोणी खरं मानणार नाही."

तो आत गेला. मथुरा नारळ मांडीवर घेऊन बसून राहिली. आतून तिला हाका आल्या, एकदा, दोनदा. तिला नारळ खाली ठेवल्याशिवाय उठता येत नव्हतं, आणि कुठे ठेवावा हे तिला कळत नव्हतं.